स्काउट गटाचं ऑनलाइन नूतनीकरण: काम होतं, पण गळणारी नावं कुणी बघायची?

आमच्या स्काउट गटाची मी सचिव. दरवर्षी मुलांची नावं, पालकांची संमती, स्काउटर मंडळींची (म्हणजे मुलांना शिकवणाऱ्या, सांभाळणाऱ्या मोठ्यांची) कागदपत्रं आणि वर्गणी मुदतीत वर पाठवायची, ही माझी जबाबदारी. कागदी फॉर्म बंद झाल्यापासून हे सगळं संस्थेच्या पोर्टलवर करावं लागतं. यंदाचं नूतनीकरण नुकतंच आटोपलं आहे आणि सगळं ताजं आहे, तोवर लिहून काढते. कागदापेक्षा हे नक्कीच बरं. मात्र एक गोष्ट मला मुळीच पटलेली नाही, आणि ती किरकोळ नाही.

आधी चांगलं. लॉगिन केलं की गेल्या वर्षीची यादी समोर तयार असते. प्रत्येक मुलाच्या पालकांना एक लिंक जाते आणि माहिती ते स्वतः भरतात: ॲलर्जी, चालू औषधं, तातडीचा फोन नंबर, फोटो काढायला परवानगी आहे की नाही. पूर्वी ही माहिती तोंडी यायची, एखाद्या चिठ्ठीवर यायची आणि शिबिराच्या आदल्या दिवशी ती चिठ्ठी शोधावी लागायची. आता रात्री तंबूत एखाद्या मुलाला दम लागला, तर सोबतच्या स्काउटरकडे त्याच्या आईने स्वतः लिहिलेली नोंद असते. माझ्या लेखी एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा हे पोर्टल हवं.

संमतीचंही नीट केलंय. मुलांची माहिती घ्यायला पालकांची परवानगी कोणत्या वयापर्यंत लागते, याबाबत देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. अमेरिकेत ती १३ वर्षांखालच्या मुलांसाठी लागते, युरोपीय संघात मूळ मर्यादा १६ असून सदस्य देशांना ती १३ पर्यंत खाली आणता येते, तर भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच. पोर्टल या फरकांत न शिरता सगळ्याच अल्पवयीन सदस्यांसाठी पालकांची संमती मागतं. हेच योग्य आहे.

मोठ्यांच्या बाबतीत ते कडक आहे. बालसुरक्षेच्या प्रशिक्षणाची मुदत संपली असेल, तर त्या स्काउटरचं नाव पुढे सरकतच नाही. आमच्यातले काही जुने जाणते यावर नाराज झाले. इतकी वर्षं मुलांसोबत काढली, आता परत परीक्षा कसली, असं त्यांचं म्हणणं. मी पोर्टलच्या बाजूने आहे. अनुभवी माणसांनाही हा नियम लागू आहे, म्हणूनच पालक निर्धास्तपणे मूल आमच्याकडे सोडतात.

आता त्रास. पानावर थोडा वेळ हालचाल झाली नाही की पोर्टल काही न सांगता बाहेर काढतं आणि भरलेलं सगळं जातं. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत वेळ संपण्याआधी सूचना द्यावी आणि मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत, असा पर्याय २००८ पासून सांगितलेला आहे. तेवढं केलं तरी पुष्कळ झालं. तोपर्यंत प्रत्येक मुलाची नोंद झाली की ‘जतन करा’ दाबायचं, हाच उपाय. यादीची फाइल उतरवून एक्सेलमध्ये थेट उघडली, तर देवनागरी नावांच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. ‘डेटा’ या मेनूतून ती आत घेताना यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडा, नावं जशीच्या तशी येतात.

यापेक्षा गंभीर प्रकार दुहेरी नोंदींचा. लिंक हरवली की पालक सरळ ‘नवीन सदस्य’ वर जातात. नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला, तरी पोर्टल त्या मुलाला नवा क्रमांक देतं. मग त्याचे बॅज, शिबिरं, सेवेचे तास जुन्या क्रमांकावर राहतात आणि मूल कागदोपत्री पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. दोन नोंदी एकत्र करायचा अधिकार गटाकडे नाही, तो वरच्या कार्यालयाकडे आहे, आणि तिथून उत्तर यायला वेळ लागतो. म्हणून पालकांना लिंक पाठवतानाच जुना सदस्य क्रमांक लिहून पाठवा.

आणि आता ती न पटलेली गोष्ट. ज्या पालकांनी लिंक उघडलीच नाही, त्यांची मुलं अंतिम यादीतून आपोआप गळतात. पोर्टल काही विचारत नाही, काही दाखवत नाही. वर हिरव्या अक्षरांत ‘नूतनीकरण पूर्ण’ एवढंच येतं. पण नाव गळलं की मुलाचं विमासंरक्षण थांबतं, शिबिराला नेता येत नाही, हातात आलेला बॅज अडकतो. मी जुनी यादी शेजारी ठेवून एकेक नाव ताडून पाहिलं आणि राहिलेल्या प्रत्येक घरी फोन केला. ‘आता यायचं नाही’ म्हणणारी घरं अगदी थोडी होती. कुणाचा नंबर बदलला होता. कुणाचे आईवडील वेगळे राहू लागले होते आणि लिंक ज्याच्याकडे गेली, त्याच्याकडे मूल नव्हतं. दोन घरांत वर्गणीची अडचण होती आणि ती बोलून दाखवायचा संकोच.

वर्गणीत सवलत मिळते, पण ती मागायची जागा पैसे भरायच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत. स्काउट चळवळीला हे शोभत नाही. १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी पहिलं प्रायोगिक शिबिर भरवलं, तेव्हा महागड्या शाळांतल्या मुलांकडून एक पौंड घेतला आणि कामकरी घरांतल्या मुलांकडून साडेतीन शिलिंग. वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पाचवा हिस्सासुद्धा नाही. मग सगळी एकाच तळावर, मिसळून केलेल्या टोळ्यांत राहिली. ऐपतीप्रमाणे वर्गणी ही पहिल्या शिबिरापासूनची रीत आहे. ती पहिल्याच पानावर, ठळक असायला हवी.

अंतिम बटणाआधी एक पान हवं: ‘गेल्या वर्षी होते, यंदा नाहीत’. समोर नावं, प्रत्येकापुढे कारण लिहायची जागा, आणि ते भरल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. तशी मागणी मी लेखी पाठवली आहे. इतर गटांच्या सचिवांनीही पाठवावी. एकाच गटाचं पत्र बाजूला पडतं, दहा गटांची पडणार नाहीत.

पैसे भरताना ‘प्रलंबित’ दिसलं तर लगेच पुन्हा भरू नका. प्रत्येक प्रयत्नाला वेगळा व्यवहार क्रमांक पडतो आणि दोन्ही वेळचे पैसे कापले जाऊ शकतात. आधी बँकेचं खातं तपासा. पावती आणि सदस्यांची मंजूर यादी त्याच दिवशी उतरवून खजिनदारांकडेही एक प्रत द्या, कारण पुढचं नूतनीकरण आटोपलं की पोर्टलवर मागची यादी गटाला दिसत नाही, आणि पुढच्या वर्षी नावं ताडायला तीच लागते.