दीड वर्ष वापरलेला क्वार्ट्झचा ओटा, जुनी फरशी आणि न जुळलेला सांधा

क्वार्ट्झच्या, म्हणजे दळलेला दगड आणि राळ मिसळून कारखान्यात बनवलेल्या दगडाच्या, ओट्याला माझ्याकडून पाचपैकी चार. तो बसवून देणाऱ्यांना अडीच, आणि त्यातला अर्धा सिंकचा कटआउट सुबक कापला म्हणून. आता सविस्तर सांगते.

मी शिवणकाम करते. बावीस वर्षं अस्तरं मॅच करण्यात गेली. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला रंग दुकानाच्या पायरीवर आणला की वेगळाच निघतो, हे मला कुणी शिकवायला नको. गिऱ्हाइकांना मीच सांगते, "ताई, कापड जरा उजेडात धरा." आणि तरीही स्वतःच्या स्वयंपाकघराचा ओटा निवडायला गेले तेव्हा शोरूमच्या झगमगाटात उभी राहून, तळहाताएवढा तुकडा बघून "हाच" म्हणून मोकळी झाले. कापड असतं तर बाहेर नेलं असतं. दगड म्हटल्यावर अक्कल कुठे गहाण पडली, कोण जाणे.

आमच्याकडे दोन गोष्टी आधीच ठरलेल्या होत्या. फरशी जुनी, फिकट बदामी, चकचकीत. ती उखडायची नव्हती. ट्रॉल्यांची शटर्स नुकतीच बदललेली, खाली अक्रोडाच्या लाकडासारखं गडद लॅमिनेट आणि वरच्या कपाटांना मोतिया रंग. ओटा तेवढा राहिला होता. शोरूममधल्या माणसाने पांढरा, राखाडी शिरांचा क्वार्ट्झ पुढे केला आणि म्हणाला, "मॅडम, हा कशावरही जातो." हे वाक्य कापडाच्या दुकानात ऐकलं असतं तर मी तिथूनच मागे फिरले असते. कशावरही जाणारं अस्तर मी अजून पाहिलेलं नाही.

नशीब एवढंच, की तुकडा घरी न्यायला दिला. फरशीजवळ ठेवला आणि बाजूला होऊन बघत होते, तेवढ्यात हे आत आले. आमच्याकडे लादी पुसायचं काम यांचं. खाली बघून म्हणाले, "अगं, मी सकाळी पुसली होती ना?"

पुसली होती. पण त्या पांढऱ्याशेजारी आमची फरशी कळकट, पिवळी दिसत होती. त्या पांढऱ्याला निळसर झाक होती, फरशीला पिवळसर. एकेकटे दोघेही छान, शेजारी आले की एकमेकांना उघडं पाडत होते. ही गंमत फार जुनी आहे. फ्रान्समधल्या गोब्लँच्या विणकाम कारखान्यात मिशेल शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचं काम बघत. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी रंग तपासला, तर रंगात दोष नव्हता. शेजारी विणलेल्या धाग्यांमुळे काळा मरगळलेला दिसत होता. 1839 मध्ये त्यांनी हे सगळं नियमासारखं मांडलं. मला ते सुईदोऱ्याच्या धंद्यातून माहीत होतं, पण फरशीपाशी आठवायला लादी पुसणारा माणूस लागला.

तेव्हा पहिली गोष्ट. ओट्याचा रंग बघायला जाऊ नका, झाक बघायला जा. नमुन्याशेजारी छपाईचा साधा पांढरा कागद ठेवा. दगड पांढरा आहे की निळसर, हिरवट, गुलाबी, पिवळट आहे, ते लगेच कळतं. आणि सुरुवात फरशीपासून करा. डोळ्यांत सर्वांत जास्त जागा तीच व्यापते आणि बदलायला सर्वांत अवघडही तीच. शटर उद्या बदलता येतं, स्क्रू काढले की झालं.

दुसरी चूक मी तुकडे हातात धरून केली. मखमल शिवलेल्यांना कळेल. तिची लव वर केली की रंग एक, खाली केली की दुसरा, कापड तेच. तसंच इथे. फरशीवर वरून उजेड पडतो, शटरवर तिरका. शोरूममध्ये तिन्ही नमुने पत्त्यांसारखे हातात पसरून दाखवतात, तसं स्वयंपाकघर जगात कुठेच नसतं. मग मी फरशी होती तिथेच ठेवली (हलणार कुठे म्हणा), शटर उभं, आणि ओट्याचा तुकडा डब्यांवर डबे रचून खऱ्या ओट्याच्या उंचीला, साधारण 850 मिलिमीटरवर, आडवा ठेवला. तीन दिवस तसाच राहू दिला. येता जाता बघायचं, मुद्दाम निरखायचं नाही.

त्या तीन दिवसांत दुसरा नमुना बाद झाला. तो राखाडी-बदामी होता आणि दिवसा इतका चपखल बसायचा, की मी जवळपास फोन लावला होता. रात्री दिवे लावले तर ओटा गुलाबी. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात, यात काही नवल नाही. आमच्याकडे वर भर म्हणून छताचा दिवा 3000 केल्विनचा पिवळसर आणि कपाटाखालची पट्टी 6500 केल्विनची निळसर पांढरी. एकाच ओट्यावर दोन सूर्य! आता दोन्ही 4000 चे लावलेत. दिव्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. ओटा निवडण्याच्या आधी तो ठरवा, नंतर नाही. मी उलटं केलं आणि एक बरा नमुना कदाचित उगाच परत पाठवला.

काळ्या ग्रॅनाइटचा विचारही झाला होता. (व्यापारात काळा ग्रॅनाइट म्हणून जो विकतात तो बहुतेकदा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. दगड म्हणून उत्तमच, नाव तेवढं उसनं.) तो यांनी एका वाक्यात उडवला. यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून रंगाच्या बाबतीत यांना विचारायची पद्धत आमच्या घरात नाही. पण अक्रोडी शटरवर काळा तुकडा ठेवला तेव्हा हे म्हणाले, "मला ही सगळी एकच पेटी दिसते. झाकण कुठे सुरू होतं?" मी हसले. मग मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून बघितला. खरोखरच पेटी. गडद शटर, गडद ओटा, मधे रेघसुद्धा नाही. रंगाच्या नादात फिकं-गडद हा हिशेब माझ्याकडून सुटला होता, आणि यांचे डोळे रंगात फारसे अडकत नसल्यामुळे यांना नेमकं तेच दिसलं. त्यानंतर प्रत्येक नमुन्याचा काळा-पांढरा फोटो आधी.

संगमरवर मला मनापासून आवडतो आणि म्हणूनच घेतला नाही. तो कॅल्साइट या मऊ खनिजाचा. कठीणपणाच्या मोजपट्टीवर 3 च्या आसपास, तर ग्रॅनाइट 6 ते 7. लिंबाचा थेंब सांडून राहिला की चकाकी खाऊन टाकतो, आणि तो डाग नसतो, दगडच झिजलेला असतो. पुसून जात नाही. भट्टीत 1200 अंशांच्या वर भाजलेले सिंटर्ड स्लॅबही पाहिले. उष्णतेला आणि उन्हाला त्यांच्यासारखं काही नाही. पण बऱ्याच स्लॅबमध्ये नक्षी फक्त वरच्या थरात असते, कड कापली की आतला सपाट रंग बाहेर येतो. मला कडेला शिर तुटलेली चालत नाही. धंद्याचा दोष.

शेवटी हस्तिदंती रंगाचा, बारीक तपकिरी शिरांचा क्वार्ट्झ घेतला, 20 मिलिमीटर जाडीचा. फरशीहून एक छटा गडद, शटरहून बराच फिका. झाक फरशीची, शिरांचा रंग शटरचा. शिरा मुद्दाम विरळ निवडल्या, कारण शटरवर लाकडाच्या रेषा आधीच धावताहेत. फुलाफुलांच्या कापडाला फुलाफुलांची लेस लावत नाहीत. डॅडोच्या टाइल्सही मग साध्या, बिनानक्षीच्या लावल्या.

घेण्याआधी अख्खा स्लॅब बघायचा हट्ट धरला, हे मी केलेलं एकमेव शहाणपण. नमुन्यात जी शिर केसासारखी होती ती सव्वातीन मीटरच्या स्लॅबवर अंगठ्याएवढी जाड होऊन तिरकी वाहत गेली होती. पहिला स्लॅब नाकारला, दुसरा घेतला. खऱ्या दगडाच्या बाबतीत तर दुसरा इलाजच नाही. तिथे नमुना म्हणजे केवळ ओळख, घ्यायचा तो स्लॅब समोर उभा करून त्यावर खूण करून घ्यायची.

आता बसवणाऱ्यांबद्दल. आमचा ओटा काटकोनात वळतो, तेव्हा कोपऱ्यात सांधा येणार हे मान्य होतं. माझं म्हणणं इतकंच, की कापायच्या आधी टेम्प्लेट स्लॅबवर ठेवून शिरा कुठून कुठे जातात ते मला दाखवा. चौकडीचा शर्ट शिवताना खिशाची चौकट छातीच्या चौकटीशी जुळवावी लागते. त्यात कापड थोडं जास्त जातं, पण ती जुळवणी म्हणजेच तर शिवण. "हो हो, दाखवतो" म्हणाले आणि कापूनच घेऊन आले. एक शिर लांब बाजूने छान वळत कोपऱ्यापर्यंत येते आणि सांध्यापाशी भिंतीला थडकल्यासारखी थांबते. पलीकडे चार बोटांवर दुसरीच सुरू होते. मी बोट ठेवून दाखवलं. उत्तर मिळालं, "यात असंच असतं." असंच नसतं. सांधा भरलाय मात्र बारीक, रंगही बरोबर मिसळलेला, नखाला लागत नाही. म्हणजे हात होता, मन नव्हतं.

त्याहून मोठी तक्रार धुळीची. नळाचं भोक राहिलं म्हणून त्यांच्यातला एक मुलगा आमच्या गॅलरीत कोरड्या ग्राइंडरने दगड कापायला बसला, तोंडाला रुमाल बांधून. क्वार्ट्झच्या ओट्यात वजनाने 90 टक्क्यांच्या आसपास दळलेला दगड असतो, बाकी राळ आणि रंग. हा दगड मुख्यतः सिलिकाच, म्हणून कोरडं कापलं की सिलिकाची धूळ उडते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजाराला औषध नाही. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून असा कृत्रिम दगड वापरायला बंदीच घातली ती कारागिरांच्या या आजारामुळे. मी ग्राइंडर बंद करायला लावला. मुकादम चिडला. मग भोक त्यांच्या कारखान्यात, पाणी मारत, दुसऱ्या दिवशी पाडून आणलं. एक दिवस गेला, जाऊ दे. कामाला लावण्याआधीच विचारा, कापणार कुठे आणि पाण्यावर कापणार का. रुमालाने ती धूळ अडत नाही.

सिंकच्या कटआउटचे कोपरे त्यांनी गोलसर ठेवले, हे बरोबर केलं. टोकदार कोपऱ्यातून दगड तडकतो.

वापराचं म्हणाल तर, डागांच्या बाबतीत शंभर टक्के समाधान. क्वार्ट्झ पाणी पीत नसल्यासारखाच, सीलर लावायची भानगड नाही. ग्रॅनाइट घेणार असाल तर नमुन्यावर पाण्याचा थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं बघा. खाली गडद ठसा उमटला तर तो पितो, सीलर लागेल. सौम्य साबण आणि ओलं फडकं एवढ्यावर आमचं चाललंय. दाढीच्या ब्लेडची धार, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब, कापडावर खुणा करायचा पेन, सगळं या ओट्यावर येऊन गेलं. दुपारी माझं कटिंगही तिथेच चालतं.

एक गुण गेला तो उष्णतेसाठी. राळेला ताप सोसत नाही, 150 अंशांच्या पुढे धोका सुरू होतो, आणि शेगडीवरून उतरवलेली कढई त्याच्या सहज वर असते. तिसऱ्या महिन्यात मीच घाईत टेकवली, बहुतेक दहा सेकंदही नसेल. तिथे वाटीएवढं मंद वर्तुळ आहे. समोरून दिसत नाही, खिडकीच्या बाजूने वाकून बघितलं की चकाकी तेवढी हरवलेली दिसते. आता तिथे कायमची लाकडी पाटी.

रंग म्हणाल तर रोज सकाळी आत आल्यावर फरशी स्वच्छ दिसते, आणि हे पुसण्याचं श्रेय पूर्ण घेतात. उन्हाने क्वार्ट्झ पिवळा पडू शकतो. आमच्या खिडकीत ऊन थेट येत नाही, अजून तरी फरक नाही. घराबाहेरच्या ओट्यासाठी घेऊ नका.

राहिला सांधा. त्यावर मी पाण्याचा जग ठेवते. हे रोज तो उचलून खिडकीपाशी नेतात, हाताशी बरा म्हणून, आणि मी रोज परत आणते.