‘यूव्ही कोटिंग’च्या नावाखाली होडीला फर्निचरचं लॅकर

मालवणजवळच्या आमच्या वाडीत होड्यांना ‘यूव्ही कोटिंग’, म्हणजे उन्हापासून वाचवणारा थर, करून देतो म्हणत एक ठेकेदार आला होता. इपॉक्सीत (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनमध्ये) बांधलेली होडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी हे जरूर वाचावं.

आमची होडी मरीन प्लायची, वरून फायबरचं कापड आणि इपॉक्सी. इपॉक्सी पाण्याला दाद देत नाही, पण उन्हापुढे टिकत नाही. आधी पिवळी पडते, मग तिची पांढरी भुकटी हाताला लागते, शेवटी काचेचे तंतू उघडे पडून टोचू लागतात. म्हणून वरून उन्हाला टिकणारा रंग हवाच. दोन भागांचा ॲलिफॅटिक पॉलीयुरेथेन (बेसमध्ये हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारा दुसरा भाग, मिसळून लावायचा, उन्हाला टिकणारा रंग) मारतो म्हणून ठेकेदाराने 22,000 रुपये घेतले. “दादानू, पाच वर्सां बघूक नको,” असं वर.

काम जून-जुलैच्या मासेमारी बंदीत झालं. होडी आरशासारखी चकाकत होती. मार्चमध्ये काठावरचे पापुद्रे सुटायला लागले. बंदरावरच्या एका जुन्या रंगाऱ्याने थिनरचं फडकं घासलं, तर थर विरघळून फडक्यालाच आला. “ह्यां फर्निचरचां लॅकर आसा,” तो म्हणाला. हार्डनर घालून नीट सुकलेला पॉलीयुरेथेन थिनरने असा निघत नाही. म्हणजे भारी रंगाचे डबे नुसते दाखवायला आणले होते! पावतीवरही रंगाचं नाव नाही, फक्त ‘पॉलिश काम’. ठेकेदाराचा फोन तेव्हापासून बंद. दर्यावर पोट असलेल्यांना असं लुबाडणं हा नीचपणा आहे. आता लॅकर आणि उन्हाने खाल्लेली इपॉक्सी, दोन्ही घासून काढावी लागणार.

कुणाला काम देणार असाल तर सीलबंद डबे आपल्यासमोर फोडायला लावा. बेस आणि हार्डनर वेगळे हवेत. नव्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय आणि पॉलिश पेपर मारल्याशिवाय रंग लावू देऊ नका. पारदर्शक कोटापेक्षा रंगीत कोट ऊन जास्त अडवतो. रंग पूर्ण सुकला की कोपऱ्यात थिनर घासून बघा, मगच उरलेले पैसे द्या.

फसला असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवलेल्या होडीलाही ग्राहक कायदा लागू होतो. आम्ही सोललेल्या थराचे तुकडे, फोटो आणि ती पावती जपून ठेवली आहे.