मशीन म्हणालं, ऑपरेशन बिघडलं

प्रोस्टेटचं, म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं, ऑपरेशन होऊनही ज्यांचा त्रास सरला नाही, आणि दवाखान्यातून दर वेळी ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढंच ऐकून जे घरी येतात, त्यांनी हे जरूर वाचावं. नेमकी अशीच माणसं हेरणारी टोळी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागात फिरते आहे. माझे ४१ हजार रुपये तिनं नेले.

मी एसटीचा निवृत्त वाहक. पुढचा डेपो येईपर्यंत लघवी दाबून धरण्यात उमर गेली. त्यानं प्रोस्टेट वाढत नाही, ती वयानं वाढते, पण गावात मला सगळे तेच ऐकवतात. ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. त्यात पोटावर टाका नसतो. लघवीच्या वाटेनंच आत जाऊन अडथळा करणारा भाग खरवडून काढतात. नंतर काही आठवडे जळजळ, घाई, मधूनच लालसर लघवी हे चालायचंच. माझं मात्र उलटं झालं. सुरुवातीला धार चांगली मोकळी होती, दोन-अडीच महिन्यांनी ती बारीक होत गेली. जोर लावावा लागे, शेवटी थेंब थेंब, रात्रीची झोप गेली, आणि बसलं की खाली ठणका लागायचा. डॉक्टरांनी लघवी तपासली, सोनोग्राफी केली, दोन्ही ठीक निघाले. ‘वय झालंय, वेळ लागेल,’ म्हणाले. आधी बरं होतं आणि मग बिघडलं, हा क्रम कोणी विचारलाच नाही. पुढे कळलं, सगळी किल्ली त्या क्रमातच होती.

आमच्याकडे सोयाबीन विकून लोकांच्या हाती पैसा आला की शिबिरं सुरू होतात. ऑटोवर भोंगा लावून पुकारलं, ‘९९ रुपयांत संपूर्ण शरीराची तपासणी, रक्त न काढता.’ समाजमंदिरात टेबल, लॅपटॉप, आणि मागे फ्लेक्स. त्यावर मधुमेह, कॅन्सर, प्रोस्टेट सगळं मुळापासून बरं करण्याची हमी. बोलवायला आला तो माझ्या चुलत साळ्याचा पोरगा. ही माणसं बाहेरगावाहून एकटी येत नाहीत, गावातला एक जण आधी जोडून घेतात. त्याला प्रत्येक विक्रीमागे कमिशन असतं, आणि नात्यातला असल्यामुळे नंतर त्याच्याविरुद्ध तोंड उघडायला कोणी धजत नाही.

ते मशीन कसं असतं ते नीट सांगतो, कारण हेच मशीन वेगवेगळ्या नावांनी गावोगाव फिरतं. वायर लावलेली स्टीलची एक कांडी तळहातात धरायला देतात. त्याआधी नाव, वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष, हे लॅपटॉपवर भरतात. पडद्यावर माणसाचं चित्र फिरतं, लाल-हिरवे आकडे धावतात आणि मिनिटाभरात भलाथोरला रिपोर्ट तयार. हृदय, यकृत, हाडं, जस्त, सेलेनियम, सगळ्यांचे आकडे दशांशापर्यंत. कांडी धरून यातलं काहीही मोजता येत नाही. भरलेल्या वयावरून आणि वजनावरून ठोकताळे छापून येतात, एवढंच.

पण मशीनपेक्षा त्यांचा माणूस हुशार होता. त्यानं मला बाजूला, पडद्यामागे नेलं आणि हळूच विचारलं, “काका, आपरेशननंतर संबंधाच्या वेळी काहीच बाहेर येत नसंन ना?” मी गारच पडलो. हे मी बायकोशिवाय कोणाला बोललो नव्हतो. तो लगेच म्हणाला, “पाहा, मशीननं बराबर पकडलं. आपरेशनमध्ये नस कापल्या गेली. भुलीचं औषध बी अंगात बसून रायलं. डॉक्टर हे कधी सांगत नसते.”

खरी गोष्ट अशी की दुर्बिणीच्या या ऑपरेशननंतर बहुतेक पुरुषांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि लघवीवाटे निघून जातं. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अडसर या ऑपरेशनमध्ये ढिली होते म्हणून. त्यात अपाय नाही, नस तुटलेली नाही. हे ऑपरेशनच्या आधीच सांगायचं असतं, पण गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं, आणि आपल्याकडचा पुरुष लाजेपोटी विचारत नाही. ते न सांगितलेलं वाक्यच या लोकांचं भांडवल. ज्याचं ज्याचं हे ऑपरेशन झालं त्याला हाच प्रश्न विचारायचा. बहुतेक वेळा नेम लागतोच.

तर असं मला आजाराचं कारण मिळालं. महिनोन्महिने जे कोणी देत नव्हतं ते त्यानं पाच मिनिटांत दिलं, मग त्यामागून औषध आलं. ‘विष काढायच्या’ पुड्या आणि काढा, १८,५०० रुपयांचा कोर्स. पैसे क्यूआर कोडवर, तोही कुण्या माणसाच्या वैयक्तिक नावाचा. बिल मागितलं तर चिठ्ठी मिळाली. डब्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: अन्नपूरक, कोणत्याही रोगाच्या निदानासाठी वा उपचारासाठी नाही.

पुड्यांनी गुण आला. पंधरवड्यात दुखणं गेलं, भूक वाढली, झोप लागली. मी चार जणांना सांगितलं, त्यातल्या दोघांनी कोर्स घेतले. त्या पोरानं मलाही म्हटलं, “काका, तुमी बी जॉइन व्हा ना, तुमचा कोर्स फुकट पडते.” धार मात्र होती तशीच बारीक. पुढच्या शिबिरात म्हणाले की विष निघतंय, पण आता ‘कॅन्सरची पूर्वावस्था’ दिसते. मोठा कोर्स लागेल, २२,५०० चा. इथे एक सांगून ठेवतो. ऑपरेशनमध्ये खरवडलेले तुकडे तपासणीला पाठवतात, त्याचा लेखी रिपोर्ट येतो, आणि त्यात कॅन्सर आहे की नाही ते लिहिलेलं असतं. माझ्या फाईलमध्ये तो होता, कॅन्सर नाही असा. घरी भीती अशी पसरली की फाईल कोणी उघडलीच नाही. पैसे गेले.

मग हात लागली ती गंमत. आयुष्यभर लोकांची तिकिटं तपासली, कागद पुरता वाचल्याशिवाय चैन पडत नाही. दुसरा रिपोर्ट चाळत होतो तर मधल्या पानावर छापलेलं: ‘अंडाशय, सौम्य असंतुलन. गर्भाशय, निरीक्षणाखाली.’ पोरानं माहिती भरताना पुरुषाऐवजी स्त्रीवर टिचकी मारली होती. मशीननं बिनतक्रार माझं गर्भाशय तपासून दिलं. बायको हसून हसून बेजार. पोराला दाखवलं तर म्हणे, “सॉफ्टवेअर अपडेट व्हायचं रायलं असंन.”

तोवर माझा चेहरा गोल सुजला होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी साखर तपासली, ती वाढलेली. आधी कधी नव्हती. त्यांनी पुड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, “आजोबा, यात स्टेरॉईड असू शकतं. पण एकदम बंद करू नका, मी सांगते तसं करा.” हे फार लोकांना माहीत नसतं: बरेच दिवस स्टेरॉईड पोटात गेलं असेल तर ते अचानक तोडणं धोक्याचं असतं, डॉक्टरच्या देखरेखीखालीच कमी करत आणावं लागतं. स्टेरॉईडनं दुखणं दबतं, भूक वाढते, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं.

त्यांच्याच चिठ्ठीवर नागपूरला मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटी दवाखान्यात गेलो. यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा असा लांबचा प्रवास, आणि बारीक धारेच्या माणसाला तो कसा जातो ते सांगायला नको. (६५ वर्षांच्या पुढे एसटीत अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे फुकट, आधार कार्ड सोबत असू द्या.) तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “आधी धार चांगली होती का?” मग एका नरसाळ्यासारख्या भांड्यात लघवी करायला लावली, खाली मशीन. सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर वेग गेला तर ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याचा नाहीतर मूत्राशय कमजोर पडल्याचा संशय. माझा ६ होता, आणि आलेख उंच न चढता आडवा सपाट. लगेच सोनोग्राफी करून लघवीनंतर आत किती उरते ते पाहिलं. गावाकडच्या सोनोग्राफीत हे मोजलंच नव्हतं. शेवटी लघवीच्या मार्गात औषध सोडून एक्स-रे काढला. मार्ग एका जागी आकसला होता. ऑपरेशनमध्ये वाटेला इजा होऊन वण धरतो, आणि तो हळूहळू धरतो म्हणून आधी बरं वाटून मग बिघडतं. दुर्बिणीतूनच चीर देऊन वाट मोकळी केली. हे पुन्हा आकसू शकतं, म्हणून धारेची तपासणी अधूनमधून करावी लागते. योजनेत बसत असेल तर खर्चाचं ओझं उतरतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा कक्ष दवाखान्यात कुठे आहे ते आधी विचारा, रेशन कार्ड जवळ ठेवा.

आता तक्रारीचं. १९५४ चा एक केंद्रीय कायदा आहे, औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. काही रोग बरे करण्याची जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे, आणि त्या यादीत मधुमेह आणि कॅन्सरसोबत प्रोस्टेटचे विकारही आहेत. म्हणजे तो फ्लेक्सच गुन्हा होता. पुतण्यानं मोबाईलवर त्याचा फोटो काढला होता, तो कामी आला. उरलेल्या पुड्या यवतमाळला अन्न व औषध प्रशासनाकडे दिल्या, तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज दिला, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मात्र २ वर्षांच्या आत जावं लागतं. साळ्याचा पोरगा घरी येऊन गेला. म्हणे, “काका, घरातली गोष्ट घरातच ठेवा ना.” मी म्हटलं, पैसे तर घरातलेच नेले की.

तो पुढचं शिबिर दिग्रसकडे लावतो आहे असं ऐकतो. ज्यांनी ज्यांनी कोर्स घेतले त्यांनी चिठ्ठ्या, डब्यावरचं लेबल आणि क्यूआरवर पैसे पाठवल्याचा मेसेज जपून ठेवा. माझ्यासोबत अर्ज द्यायला आतापर्यंत एकच जण तयार झाला आहे. आणखी कोणी असेल तर लवकर कळवा.