डाळिंबाची शीतखोली: सोलापूरच्या उन्हाला स्क्रोल कॉम्प्रेसर बरा की सेमी-सील्ड पिस्टन?

सांगोला-मंगळवेढ्याकडे शीतखोली बांधायची ठरली की पहिला प्रश्न येतो, "किती टनाचं मशीन?" आधी विचारा, हा टनाचा आकडा किती अंशांच्या हवेतला आहे. कॅटलॉगातली क्षमता बहुधा 35 अंशांच्या आसपासच्या हवेची असते. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे पारा 42-43 वर असतो, आणि खरी परीक्षा तिथेच होते.

कॉम्प्रेसर खोलीतल्या थंड कॉइलमधला कमी दाबाचा गॅस ओढतो आणि त्याचा दाब इतका वाढवतो, की बाहेरच्या तापलेल्या हवेतही कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव व्हावा. स्क्रोलमध्ये हे काम एकात एक बसलेल्या दोन गुंडाळीदार पात्या करतात, सेमी-सील्डमध्ये सिलिंडरातला पिस्टन, आणि त्याचं कवच बोल्ट काढून उघडता येतं. डाळिंबाला 5 ते 7 अंश लागतात. त्याखाली फार दिवस राहिलं तर साल तपकिरी पडते. माल सुकू नये म्हणून कॉइलही फार थंड ठेवता येत नाही, 0 अंश धरू. आर-134ए गॅसचा तिथला निरपेक्ष (निर्वातापासून मोजलेला) दाब साधारण 2.9 बार. थंडीत कंडेन्सर 40 अंशांवर चालला तर कंडेन्सरमधला दाब 10.2 बार, म्हणजे साडेतीनपट. मे महिन्यात तोच 55 अंशांवर जातो, दाब 14.9 बार, म्हणजे पाचपटीहून जास्त.

पिस्टनला हे जड जातं. पिस्टन वर टेकला तरी व्हॉल्व्हप्लेटखाली (सिलिंडरच्या डोक्यावरची झडपांची पट्टी) थोडी जागा उरतेच. तिथला दाबलेला गॅस पिस्टन खाली येताना आधी फुगतो, मगच नवा गॅस आत येतो. ही जागा 4 टक्के धरली, तर साडेतीनपट दाबाला सिलिंडर सुमारे 91 टक्के भरतो, पाचपटीला 86. स्क्रोलमध्ये अशी जागा जवळपास नसतेच आणि सक्शनला (गॅस आत ओढण्याच्या बाजूला) रीडही (पातळ पट्टीची झडप) नसते, म्हणून उन्हात त्याची क्षमता कमी घसरते. विजेच्या बिलात स्क्रोल सरस.

पण शेतातली वीज वेगळी. तारांचं काम करून गेल्यावर फेज उलटा लागला की स्क्रोल उलटा फिरतो: खडखडाट होतो, दाबाचे दोन्ही गेज हलत नाहीत, थंडावा शून्य. कोणत्याही दोन फेजच्या तारा अदलाबदल केल्या की सुरळीत. मात्र तसाच चालत राहिला तर आतून जातो, आणि गेला की उघडता येत नाही, अख्खा बदलावा लागतो. फेज सिक्वेन्स रिले (फेजचा क्रम चुकला तर मशीन सुरू होऊ न देणारं उपकरण) नसेल तर शेतावर स्क्रोल बसवूच नका. वीज येत-जात असेल तर पुन्हा सुरू होण्याआधी 3 ते 5 मिनिटांचा टाइमर दोघांनाही हवा.

सेमी-सील्ड पिस्टनला फिरण्याची दिशा सहसा अडत नाही (तेलपंप असेल तर निर्मात्याचं पत्रक बघा). त्याचा शत्रू द्रव. कॉइलवर बर्फ साचला किंवा पंखा बंद पडला की गॅस वाफ न होता द्रवरूपातच कॉम्प्रेसरकडे परत येतो. द्रव दाबला जात नाही, रीड तुटते. मशीन चालतंय, पण सक्शन दाब उतरत नाही आणि हेड प्रेशर (कंडेन्सरकडचा दाब) चढत नाही, तर शंका घ्या. सक्शन सर्व्हिस व्हॉल्व्ह बंद करून मशीन थोडा वेळ चालवा आणि थांबवा. सक्शनचा काटा भराभर वर आला तर डिस्चार्ज (दाबलेला गॅस बाहेर सोडणारी) रीड गळतेय. ही चाचणी स्क्रोलवर करू नये, व्हॅक्यूममध्ये तो आतून जळू शकतो. पिस्टनमध्ये व्हॉल्व्हप्लेट बदलता येते, मोटर रिवाइंड होते. माल भरलेला असताना या सोयीची किंमत कळते.

म्हणून शहरात, वीज स्थिर असेल तिथे स्क्रोल. वाडी-वस्तीवर, दुरुस्तीला माणूस जवळ असेल तर सेमी-सील्ड. पूर्ण सीलबंद पिस्टन छोट्या दुकानापुरताच ठीक.

दोन्हींत कंडेन्सरवर कंजुषी नको. तो सावलीत ठेवा, गरम हवा फिरून परत आत येता कामा नये, जाळीवरची धूळ दर महिन्याला झाडा. कोरड्या उन्हाळ्यात पुढे ओला पॅड लावला तर हेड प्रेशर चांगलं उतरतं, फक्त बोअरचं क्षारयुक्त पाणी कंडेन्सरच्या फिन्सवर (पातळ पत्र्यांवर) उडू देऊ नका. हेड प्रेशर चढलं की सरसकट गॅस भरायची सवय आहे, त्याने दाब आणखीच चढतो.

कोटेशनमध्ये "0 अंश कॉइल, 55 अंश कंडेन्सिंग" या स्थितीतली क्षमता किलोवॅटमध्ये लिहून मागा. मशीन बसल्यावर भर दुपारी डिस्चार्ज पाइपचं तापमान कॉम्प्रेसरपासून 15 सेंटीमीटरवर मोजा. 105 अंशांच्या वर गेलं तर तेल जळू लागतं, आणि ताबा घेण्याआधी कारण शोधून घ्यायला लावा.