‘पाव’ हा एकच शब्द, आणि त्यावर तपासलेले दोन ऑनलाइन कोश

कोशाचं संकेतस्थळ कितपत कामाचं आहे हे पाहायला लांबलचक, भारदस्त शब्द घेऊ नयेत. ते कुठेही सापडतात आणि त्यांचा अर्थही एकच असतो. परीक्षा घ्यावी ती आखूड शब्दाची. मराठीत त्यासाठी ‘पाव’ फार चांगला. वाण्याकडे पाव किलो डाळ, बेकरीत चार पाव, देवळात ‘देवा, पाव रे’. अक्षरं तीच, पण घराणी तीन: पहिला संस्कृत ‘पाद’चा, दुसरा पोर्तुगिजांकडून आलेला, तिसरा ‘प्राप्’ धातूचा. ही घराणी कोण नीट वेगळी करून दाखवतं, हा निकष लावून दोन विनामूल्य सेवा इथे पाहिल्या आहेत. एक शिकागो विद्यापीठाची ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ आणि दुसरी इंग्रजी विक्शनरी, म्हणजे वाचकांनीच लिहिलेला आणि कुणालाही बदलता येणारा ऑनलाइन कोश. दोन्हींना पैसे लागत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही.

निकाल आधीच सांगून टाकू. मराठी शब्दाचे अर्थ, छटा, वाक्प्रचार हवे असतील तर शिकागोला पर्याय नाही. तोच ध्वनी जगात कुठेकुठे, कोणत्या अर्थाने बोलला जातो हे पाहायचं असेल तर विक्शनरी. पण दोन्ही ठिकाणी शोधायचं कसं हे माहीत नसलं, तर हाती अर्धवट किंवा चुकीची माहिती लागते. म्हणून खाली शोधण्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

शिकागोच्या संग्रहात मराठीचे अनेक कोश आहेत. त्यांतले तीन रोजच्या उपयोगाचे: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१ची, इथे घेतली आहे ती १८५७ची सुधारून वाढवलेली दुसरी), दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९५०), आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९). त्यांच्या जोडीला टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश आहे, आणि शब्दाचं मूळ शोधणाऱ्याला शेवटी त्याच्याकडेच जावं लागतं. नोंदीशेजारच्या पान क्रमांकावर टिचकी मारली की त्या पानावरच्या बाकीच्या नोंदी दिसतात. ही सोय लहान वाटते, पण मोलाची आहे, कारण सख्खे-चुलत शब्द बहुधा आजूबाजूलाच बसलेले असतात.

आता पहिली अडचण. हे कोश जुन्या शुद्धलेखनात छापलेले आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी जे अनुस्वार काढून टाकले, ते सगळे या कोशांत शाबूत आहेत. त्यामुळे ‘पावणे’ लिहून काही आलं नाही तर शब्द कोशात नाही असं समजू नका. ‘पावणें’ लिहा. सगळी क्रियापदं अशीच: करणें, जाणें, देणें. नपुंसकलिंगी एकारान्त नामंही तशीच: केळें, तळें, मडकें. ‘पाच’ हवा तर ‘पांच’ लिहायचं. नाव म्हणजे होडी हवी असेल तर ‘नाव’, आणि माणसाचं नाव हवं असेल तर ‘नांव’. आजच्या लेखनात हे दोन शब्द एकरूप झाले, जुन्या कोशात ते वेगळे उभे आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच: कवी नव्हे ‘कवि’, गुरू नव्हे ‘गुरु’. रिकामं उत्तर येतं तेव्हा कारण बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरी चूक होते ती पूर्ण मजकुरात शोध घेतल्याने. मथळ्यातले शब्द शोधणं आणि नोंदींच्या आतल्या मजकुरात शोधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पाव’सारखा दोन अक्षरी शब्द मजकुरात शोधला तर उत्तरांचा नुसता लोंढा येतो: पावन, पावक, पावसाळा, पावती, सगळे एका रांगेत. आधी मथळा, तोही तंतोतंत. मग पान क्रमांकावरून शेजारपाजार. मजकुरातला शोध राखून ठेवावा तो म्हणींसाठी आणि वाक्प्रचारांसाठी.

असं शोधल्यावर ‘पाद’ घराण्याचा विस्तार डोळ्यांपुढे येतो, आणि तो खरोखर पाहण्यासारखा आहे. पाद म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, तिथून पाव. मग पावशेर, चार आण्यांची पावली आणि मुलांकडून पूर्वी घोकून घेतली जाणारी पावकी, म्हणजे पावाचा पाढा. पाऊण मात्र जरा फसवतो, कारण त्यात पाव ‘आहे’ असं नसून पाव ‘कमी’ आहे: पाद अधिक ऊन, पादोन, पाऊण. पावणेदोन, पावणेतीन यांतला ‘पावणे’ याच पादोनचा. नवसाला पावणारा ‘पावणे’ वेगळा, तो ‘प्राप्नोति’पासून प्राकृतातल्या ‘पावइ’वाटे आलेला. पोचणे, मिळणे, प्रसन्न होणे हे त्याचे अर्थ, आणि रक्कम पावल्याची खूण ती पावती. खेड्यात दारी येणारा ‘पावणा’ तिसराच: तो पाहुणा, संस्कृत ‘प्राघुणक’चा वंशज. पाऊस ‘प्रावृष्’चा. म्हणजे ‘पाव’ या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या किंवा तसे ऐकू येणाऱ्या शब्दांची चार-पाच वेगवेगळी मुळं, आणि एकाचंही दुसऱ्याशी नातं नाही. कोशात व्युत्पत्ती कंसात दिलेली असते. अर्थ वाचून थांबू नका, कंस वाचा.

वजनांबद्दल इशारा. जुन्या कोशातला पावशेर म्हणजे आजचे २५० ग्रॅम नव्हेत. ८० तोळ्यांचा शेर धरला तर तो सुमारे ९३३ ग्रॅम भरतो, म्हणून पावशेर २० तोळ्यांचा, सुमारे २३३ ग्रॅम. शिवाय शेर हे वजनाचंही नाव होतं आणि मापाचंही, आणि गावोगाव ते बदलायचं. जुन्या पाककृतीतला किंवा हिशेबाच्या वहीतला आकडा कोशावरून सरळ ग्रॅममध्ये उतरवला की पदार्थ बिघडतो आणि हिशेबही.

टर्नरचा कोश वापरायला सगळ्यात अवघड. तो मराठी शब्दाखाली लावलेलाच नाही. मथळे संस्कृत किंवा पुनर्रचित रूपांचे, आणि तेही रोमन लिपीत, दीर्घ स्वरांवर आडव्या रेघा देऊन. मराठी शब्द नोंदीच्या आत ‘एम’ या संक्षेपापुढे दडलेला असतो. म्हणून उलट्या बाजूने जावं: आधी दाते-कर्वे यांच्याकडून संस्कृत मूळ घ्यावं, मग ते टर्नरमध्ये मथळा म्हणून शोधावं. ‘पाद’ उघडला की मराठीच्या शेजारी सिंधी, पंजाबी, नेपाळी, बंगाली, सिंहली रूपं एका परिच्छेदात मिळतात. एवढा मजकूर दुसरीकडे एका जागी क्वचितच सापडतो, त्यामुळे हा त्रास जरूर घ्यावा.

बेकरीतल्या पावाशी आलो की शिकागो थोडा कमी पडतो. कोश मराठीचा, म्हणून पोर्तुगीज मूळ कळलं तरी पुढचा प्रवास त्यात नसतो. इथे विक्शनरी कामाला येते.

विक्शनरीची रचना आधी समजून घ्यायला हवी, नाहीतर ती दिशाभूल करते. तिथे पान असतं ते शब्दाचं नव्हे, अक्षरलेखनाचं. एका लेखनाचं एक पान, आणि त्यावर त्या लेखनाचा शब्द ज्या-ज्या भाषांत आहे त्यांचे विभाग, इंग्रजी आधी आणि मग बाकीच्या भाषा वर्णक्रमाने. म्हणून देवनागरी ‘पाव’ एका पानावर, पोर्तुगीज शब्द pão (‘ए’वर नागमोडी रेघ असलेला) दुसऱ्या, रेघ नसलेलं तेच लेखन तिसऱ्या, आणि जपानी शब्द त्याच्या लिपीत चौथ्या पानावर. पानाच्या अगदी वर ‘हेही पाहा’ अशी एक बारीक ओळ असते. तिच्यात साधारण सारखी दिसणारी लेखनं दिलेली असतात. बहुतेक वाचक ती ओलांडून खाली जातात, आणि नेमकं हवं ते पान राहून जातं.

पोर्तुगीज शब्दाच्या पानावर व्युत्पत्ती लॅटिन ‘पानिस’पर्यंत जाते. त्यातला ‘न’ पोर्तुगिजात दोन स्वरांमध्ये विरघळला आणि फक्त नाकातला सूर उरला. खाली उसन्या गेलेल्या शब्दांची यादी असते. तिथून एकेक दुवा उघडत जाणं हा या सेवेचा सर्वांत आनंदाचा भाग. त्या अनुनासिकाचं प्रत्येक भाषेने काय केलं ते पाहा: मराठीने आणि कोकणीने तो सोडून ‘पाव’ केला. गुजरातीने ‘पाउं’मध्ये तो जपला. सिंहलीत ‘पान्’, जपानीत ‘पान्’, आणि जपानीवरून कोरियनमध्ये ‘प्पांग्’. बंगालीने शेवटी रोटी जोडून ‘पाउरुटी’ केली. लॅटिन ‘पानिस’ मराठीत आणखी एका वाटेने आला आहे हे कमी लोकांच्या लक्षात येतं. बरोबर बसून भाकरी खाणारा तो सोबती, त्याच्यावरून फ्रेंचवाटे इंग्रजीत ‘कंपनी’, आणि तिथून आपल्याकडे. म्हणजे पाव आणि कंपनी हे मराठीत लांबचे भाऊबंद आहेत.

या नकाशाचा उपयोग दोन लोकप्रिय समजुती तपासायला होतो. पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही एक. लादीतून चौथा भाग तोडतात म्हणून पाव, ही दुसरी. दोन्ही चूक. मराठीत पायाला ‘पाय’ म्हणतात, ‘पाँव’ हिंदी आहे. आणि जपानी किंवा सिंहली माणसाला ना मराठी पाव ठाऊक, ना हिंदी पाँव, तरी त्यांच्याकडे भाजलेल्या रोटीला हाच शब्द पोचला. पोर्तुगीज जहाजं जिथे गेली तिथे शब्द गेला, एवढं एकच कारण सगळ्या भाषांना लागू पडतं. गोव्यात पाव भाजणारा ‘पोदेर’ हाही पोर्तुगीज ‘पादेइरो’च. व्युत्पत्ती खरी की जुळवलेली हे ओळखायची चांगली कसोटी हीच: ती दुसऱ्या भाषेतही टिकते का ते पाहावं.

विक्शनरीचं बळ आणि तिचा धोका दोन्ही दिसतात ते ‘पी-ए-यू’ या लेखनाच्या पानावर. कातालानमध्ये तो शब्द म्हणजे शांतता, लॅटिन ‘पाक्स’पासून. पोर्तुगिजात काठी किंवा लाकूड, लॅटिन ‘पालुस’पासून. ब्राझील देशाला ज्या झाडावरून नाव पडलं त्या ‘पाउ-ब्राझिल’मधला तो हा. हवाईयनमध्ये संपलं, झालं. माओरीतही संपणे, आणि हे दोन मात्र खरोखरचे सख्खे. बाकीचे नुसते एका पानावर शेजारी बसले आहेत. शेजार म्हणजे नातं असं मानून लिहिलेला मजकूर इंटरनेटवर भरपूर फिरतो, त्यातला मोठा भाग अशा पानांच्या उतावीळ वाचनातून आलेला असतो. सगळ्यांत मोहात पाडणारा आहे तो चिनी ‘बाओ’: वाफवलेला गोळा, खायचाच पदार्थ, आवाजही जवळचा. पण त्याचा मूळ अर्थ गुंडाळणे. फिलिपिन्समधला ‘सिओपाओ’ आणि इंडोनेशियातला ‘बाकपाउ’ हे या चिनी शब्दाचे, दक्षिण चीनमधल्या होक्कियन बोलीवाटे गेलेले. पोर्तुगीज पावाशी त्यांचा काही संबंध नाही.

नोंद कितपत विश्वासार्ह आहे हे ओळखायला तीन जागा पाहाव्यात. व्युत्पत्तीला संदर्भ दिला आहे का. एकाच भाषेच्या विभागात ‘व्युत्पत्ती १’, ‘व्युत्पत्ती २’ असे वेगळे भाग केले आहेत की सगळे अर्थ एकाखाली कोंबले आहेत. आणि पानाच्या इतिहासात तो मजकूर कुणी, कधी घातला. मराठी शब्दाच्या बाबतीत विक्शनरीवर एकटीवर विसंबू नये. तिच्यातला अर्थ दाते-कर्वे यांच्या नोंदीशी ताडून पाहावा. दाते-कर्वे यांच्याकडे (गो.), (कों.), (व.), (ना.) अशा खुणांनी गोवा, कोकण, वऱ्हाड, नागपूरकडचे अर्थ वेगळे दाखवलेले असतात, आणि विक्शनरीत ही बारकाई क्वचितच दिसते. पोर्तुगीज शब्दांचाच नाद असेल तर गोव्याचे विद्वान धर्मगुरू सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांचा आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरचा १९१३चा ग्रंथ, किंवा त्याचा १९३६चा इंग्रजी अनुवाद, हाताशी ठेवावा.

लेखात या नोंदी वापरायच्या असतील तर शिकागोच्या बाबतीत कोशाचं नाव, आवृत्तीचं साल आणि पान क्रमांक लिहावा. छापील कोश आहे, तो हलणार नाही. विक्शनरीचं पान उद्या बदलू शकतं, म्हणून साधनांच्या यादीतला ‘कायमचा दुवा’ उघडून त्या दिवसाच्या आवृत्तीचा पत्ता उतरवून घ्यावा, शेजारी तारीख टाकावी.