व्हिएतनामी पासपोर्टवर फ्रान्सचा एक वर्षाचा शेंगेन व्हिसा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले २९ देश; हा व्हिसा एकदा हातात आला की उत्तम चालतो. गेलेला दीड गुण अर्जाच्या टप्प्याचा आहे, आणि त्यातला निम्मा दोष व्हिएतनामी कागदपत्रांच्या सतत बदलणाऱ्या रूपाचा. हो ची मिन्ह सिटीत किंवा हनोईत नवरा-बायकोपैकी एकाचा पासपोर्ट भारतीय आणि दुसऱ्याचा व्हिएतनामी, अशी मराठी घरं आहेत. भारतीय पासपोर्टची माहिती मराठीत ढिगाने मिळते, व्हिएतनामीची जवळजवळ नाही. म्हणून हे सविस्तर.

मूळ नियम दोन्ही पासपोर्टना सारखाच आहे. व्हिसा लागतो, ९० युरो शुल्क (११ जून २०२४ पासून), ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखाली मोफत. वर अर्ज स्वीकारणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, जे साधारणपणे व्हिसाशुल्काच्या निम्म्याहून जास्त नसावं असा युरोपीय नियम आहे. पैसे डोंगमध्ये, म्हणजे व्हिएतनामी चलनात घेतात. अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस. निर्णय १५ दिवसांत, शंका आली तर ४५ पर्यंत. प्रत्यक्षात अडतं ते निर्णयाच्या आधी, भेटीची वेळ मिळण्यात. तेतच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या, सुट्टीआधी, आणि एप्रिलअखेर ते जून, वेळा भराभर संपतात. ३० एप्रिल आणि १ मे या जोडसुट्टीला निघायचं असेल तर जानेवारीतच वेळ धरावी.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. १ जुलै २०२२ पासून व्हिएतनामने गडद निळसर-जांभळा नवा पासपोर्ट काढला आणि त्यात जन्मस्थळाची ओळच नव्हती. महिनाभरात जर्मनीने तो घ्यायला नकार दिला, पाठोपाठ स्पेन आणि चेक प्रजासत्ताकाने. मग जन्मस्थळाची नोंद आतल्या पानावर शिक्क्याने करून द्यायला सुरुवात झाली, आणि १ जानेवारी २०२३ पासूनच्या पासपोर्टवर ती छापूनच येते. पण २०२२ च्या उत्तरार्धातले पासपोर्ट अजून दहा वर्षांच्या मुदतीत फिरताहेत. तसला असेल तर नोंद करून घ्या किंवा बदलून टाका. फ्रान्सने अडवलं नाही तरी पुढचा अर्ज कुठल्या देशाचा असेल हे आज कुणाला माहीत? चौदा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. पासपोर्टची मुदत संपते त्यापलीकडे व्हिसा जात नाही, म्हणून आईला लांब मुदतीचा आणि मुलाला तोकडा, असं एकाच घरात होऊ शकतं.

आता कागदपत्रं. खरी मेख इथे आहे.

पूर्वी घराची वही, म्हणजे ‘हो खाऊ’, दाखवली की कोण कुठे राहतं, कोण कुणाचं कोण, सगळं एका फटक्यात सिद्ध व्हायचं. १ जानेवारी २०२३ पासून ती कागदी वही रद्द झाली. तिच्या जागी पोलिसांकडून मिळणारा ‘सीटी ०७’ नमुन्यातला रहिवास-दाखला जोडायचा. जुन्या वहीची प्रत अजूनही फायलीत घालणारे आहेत. ती आज काहीच सिद्ध करत नाही. नातं दाखवायचं असेल तर जन्मदाखला आणि विवाहनोंदणी वेगळी लावा.

त्यावर कडी म्हणजे १ जुलै २०२५. त्या दिवशी व्हिएतनामने ६३ प्रांतांचे ३४ केले आणि जिल्हा हा स्तरच काढून टाकला. बिन्ह ज्योंग आणि बा रिआ-वुंग ताउ हे दोन्ही प्रांत हो ची मिन्ह सिटीत विलीन झाले. परिणाम असा, की त्याच माणसाच्या ओळखपत्रावर एक पत्ता, नव्या रहिवास-दाखल्यावर दुसरा, आणि नोकरीच्या करारावर तिसरा. जुनी कागदपत्रं कायद्याने बाद झालेली नाहीत, पण फाईल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तीन पत्ते म्हणजे तीन प्रश्न. उपाय सोपा आहे: अर्जात आजचा नवा पत्ता लिहा आणि सोबतच्या पत्रात एका वाक्यात सांगा, की जुना पत्ता आणि नवा पत्ता एकच घर आहे, प्रशासकीय बदलामुळे नाव बदललं. भाषांतर करणाऱ्याला आपल्या मनाने जुन्या प्रांताचं नाव नवं करू देऊ नका. मूळ कागदावर जे आहे तेच भाषांतरात यायला हवं. पासपोर्टवरचं जन्मस्थळ जुन्या प्रांताचं असेल तर अर्जातही तेच.

भाषांतर फ्रेंच किंवा इंग्रजीत, नोटरीकडून प्रमाणित. व्हिएतनामी बँका शिल्लकेचा दाखला दोन भाषांत देतात, त्याचं वेगळं भाषांतर करून पैसे घालवू नका.

नावाचं प्रकरण मराठी माणसाला चटकन कळत नाही, कारण आपल्याकडे आडनाव शेवटी आणि त्यांच्याकडे पहिलं. न्गुएन हे आडनाव, मध्ये ‘थी’ किंवा ‘वान’सारखं मधलं नाव, आणि हाक मारायचं नाव सर्वांत शेवटी. अर्जातल्या आडनावाच्या रकान्यात फक्त पहिला शब्द जातो, उरलेलं सगळं दुसऱ्या रकान्यात. भारतीय नवऱ्याने बायकोचा अर्ज भरला की हमखास उलटं होतं. शंका असेल तर पासपोर्टच्या तळच्या यंत्रवाचनीय दोन ओळी बघा: पहिल्या दुहेरी बाणचिन्हाच्या आधी आडनाव, नंतर बाकीचं. विमानाचं तिकीट, विमा आणि हॉटेल याच क्रमाने हवं. व्हिएतनामी अक्षरांवरची स्वरचिन्हं कुठेच लिहायची नाहीत.

पैशाची अपेक्षा फ्रान्सने आकड्यात सांगितली आहे, ही त्याची मोठी सोय. हॉटेलचं आरक्षण दाखवलं तर दिवसाला ६५ युरो, आरक्षण नसेल तर १२०, आणि कुणाच्या घरी उतरणार असाल व त्यांनी नगरपालिकेतून काढलेलं यजमानपत्र असेल तर ३२.५०. दहा दिवसांच्या हॉटेलच्या सहलीला म्हणजे ६५० युरो, साधारण ३०,००० डोंगचा भाव धरला तर १ कोटी ९५ लाख डोंग. आकडा ऐकून छाती दडपते, पण व्हिएतनाममध्ये ही फार मोठी रक्कम नव्हे. पॅरिसच्या तेराव्या प्रभागात किंवा उपनगरांत नातेवाईक असलेल्या घरांनी यजमानपत्र जरूर काढावं, पण वेळेत: ते यजमानाने स्वतः जाऊन काढायचं असतं आणि इथे मूळ प्रत दाखवावी लागते. मोबाइलवर पाठवलेला फोटो चालत नाही.

म्हणजे पैसे कमी पडल्यामुळे फाईल क्वचितच पडते. पडते ती आकडे एकमेकांशी न जुळल्यामुळे. नेहमीचं उदाहरण: सामाजिक विम्याच्या नोंदीत पगार ६० लाख डोंग, कारण कंपनीने विमा मूळ पगारावरच भरला, बँकेत दर महिन्याला २ कोटी जमा, आणि नोकरीच्या पत्रात तिसराच आकडा. प्रत्येक कागद खरा, तरी फाईल खोटी वाटते. कंपनीच्या पत्रात मूळ पगार आणि भत्ते वेगळे लिहून घ्या, लाल शिक्का आणि सही असलेलं, रजेच्या तारखा तिकिटाशी जुळणारं. दुसरी चूक बचतवहीची, म्हणजे ‘सो तिएत किएम’ची. अर्जाच्या आठवड्यात काकांकडून आणलेल्या पैशांनी उघडलेली मुदतठेव आपला उगम ओरडून सांगते. निदान तीन महिने जुनी ठेव आणि तिच्यासोबत चालू खात्याचं तीन महिन्यांचं विवरण, ही जोडी चालते. घराच्या मालकीचा लाल किंवा गुलाबी दाखला पूरक म्हणून ठीक; नुसत्या त्याच्यावर परतीची खात्री पटत नाही.

घरगुती दुकान किंवा खानावळ चालवणाऱ्यांना पूर्वी ठोक कराची, म्हणजे अंदाजाने ठरवून दिलेल्या कराची, पावती जोडून वेळ निभावता यायची. १ जानेवारी २०२६ पासून ठोक कर बंद झाला, आता उत्पन्न जाहीर करून कर भरायचा आहे. व्हिसाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, कारण पहिल्यांदाच त्यांच्याकडे उत्पन्नाचा खरा आकडा असलेला सरकारी कागद येतो.

‘बाओ डाउ’, म्हणजे पास होण्याची हमी, अशी जाहिरात करणाऱ्या मध्यस्थांपासून लांब राहा. ते हॉटेल आरक्षित करतात आणि अर्ज आत गेला की रद्द करतात. दूतावासाने हॉटेलला विचारलं तर नकार, आणि तो नकार युरोपभरच्या व्हिसा नोंदींत वर्षानुवर्षं दिसत राहतो. दिलेला व्हिसाही नंतर रद्द करता येतो. नकार आलाच तर कारणांवर खूण केलेला छापील नमुना मिळतो. फ्रान्सच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी ३० दिवसांत फ्रान्समधल्या नांत शहरातल्या व्हिसा उपसंचालकांकडे दाद मागता येते, तिथेही नाही म्हटलं तर नांतच्याच प्रशासकीय न्यायालयात. पण जिथे कागदच तोकडे होते तिथे दुरुस्त फाईल नव्याने देणं बहुतेकदा लवकर उरकतं.

आता वापर. स्टिकरवर तीन ओळी वाचायला शिका: पासून-पर्यंत, मुक्कामाचे दिवस, प्रवेशांची संख्या. एक प्रवेशाच्या व्हिसात पासून-पर्यंतची चौकट साधारण १५ दिवसांनी मोठी असते. ती सवलत विमान पुढे-मागे झालं तर आहे, जास्त राहायला नव्हे. दिवस १२ लिहिले असतील तर १२ च. बहुप्रवेशी वार्षिक व्हिसावर दिवस ९० असतात आणि लोकांना ते ‘वर्षाला ९०’ किंवा ‘दर फेरीला ९०’ वाटतात. दोन्ही चूक. कुठल्याही दिवशी मागचे १८० दिवस मोजायचे आणि त्यात ९० च्या वर जायचं नाही. आल्याचा दिवस आणि गेल्याचा दिवस दोन्ही धरायचे. समजा १० ते २४ फेब्रुवारी २०२६ हे १५ दिवस झाले, अख्खा एप्रिल म्हणजे ३०, आणि १ जूनला पुन्हा यायचंय. शिल्लक ४५, म्हणजे १५ जुलैला बाहेर पडलंच पाहिजे. फेब्रुवारीचे दिवस मोजणीतून गळायला ९ ऑगस्टपासून सुरुवात होते, त्याआधी नाही.

ही मोजणी पूर्वी शिक्क्यांवर चालायची आणि पुसट शिक्का कधी वाचवायचा, कधी बुडवायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी प्रवेश-निर्गम प्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पूर्ण अंमलाची ठरलेली तारीख १० एप्रिल २०२६. यंत्र दिवस स्वतः मोजतं. व्हिसाधारकांच्या बोटांचे ठसे व्हिसाच्या नोंदीत आधीच असल्याने सीमेवर नव्या नोंदीसाठी चेहऱ्याचा फोटो घेतात. ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात, बारा वर्षांखालच्या मुलांचे घेतच नाहीत. आणि हो, युरोप आणत असलेली ऑनलाइन प्रवासपरवानगी व्हिसामुक्त देशांच्या लोकांसाठी आहे. व्हिएतनामी प्रवाशाला ती विकायला कोणी आलं तर तो फसवतोय.

दुसऱ्या फेरीतली सर्वांत सार्वत्रिक चूक विम्याची. अर्जाच्या वेळी फक्त पहिल्या फेरीचा विमा दाखवावा लागतो: किमान ३०,००० युरो, सगळ्या शेंगेन देशांत लागू, मायदेशी परत नेण्याचा खर्च धरून. पुढच्या प्रत्येक फेरीला तसाच विमा काढीन, असं अर्जावर सही करून कबूल केलेलं असतं आणि ते कुणी वाचलेलं नसतं. सीमेवर अधिकारी मागू शकतो. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पैशाचा पुरावा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाही कागदावर जवळ ठेवा. व्हिसा म्हणजे दारापर्यंतची परवानगी. दार उघडणं सीमापोलिसांच्या हातात.

हनोई आणि हो ची मिन्ह सिटीहून पॅरिसला थेट विमान आहे, त्यामुळे मधल्या विमानतळाची कटकट नाही. एकदा आत गेलं की २९ देश मोकळे. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया आणि रोमानिया जमिनीच्या सीमेसकट त्यात आले. सायप्रस शेंगेनमध्ये नाही, पण बहुप्रवेशी शेंगेन व्हिसावर तिथे जाता येतं आणि तिथले दिवस ९० मध्ये धरले जात नाहीत. ब्रिटन आणि आयर्लंड पूर्ण वेगळे. रेयुनियाँ, ग्वादलूपसारखे फ्रान्सचे सागरपारचे प्रदेशही या व्हिसात येत नाहीत, हे पुष्कळांना तिकीट काढल्यावर कळतं.

सामानाबद्दल दोन ओळी, कारण व्हिएतनामी आई पाठवणार नाही असं होत नाही. मांसाचा आणि दुधाचा कुठलाही पदार्थ युरोपात नेता येत नाही: चा लुआ आणि नेम चुआ (डुकराच्या मांसाचे प्रकार), सुकं कुस्करलेलं मांस, सगळं कचऱ्यात. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. अपवाद फक्त केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन यांना. ज्या फळाला हॉटेलवाले आत घेत नाहीत ते सीमाशुल्कवाले घेतात! व्हिएतनाममधून निघताना ५,००० डॉलरहून जास्त परकीय चलन किंवा दीड कोटी डोंगहून जास्त रोकड असेल तर जाहीर करावी लागते, युरोपात शिरताना १०,००० युरोपासून.

पुढच्या व्हिसाचं गणित भारतीयांपेक्षा कडक आहे. सर्वसाधारण नियमाने दोन वर्षांत तीन व्हिसे नीट वापरले की एक वर्षाचा, त्यानंतर दोन वर्षांचा, मग पाच. भारतात राहून अर्ज करणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४ पासून तीन वर्षांत दोन व्हिसे झाले की थेट दोन वर्षांचा मिळू शकतो. सायगावात, म्हणजे हो ची मिन्ह सिटीत, राहणाऱ्या मराठी नवऱ्याने मात्र या सवलतीवर विसंबू नये, ती भारतातल्या रहिवाशांसाठी आहे. जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा पासपोर्ट बदलल्यावरही चालतो. दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवायचे, आणि जुना जमा करताना व्हिसाचं पान कापू द्यायचं नाही.