डॅलसकडच्या एका बेसबॉल ॲडव्हायझरचा रिव्ह्यू: 5 पैकी 4

सगळ्यात आधी पैशांचं सांगते, कारण ट्रॅव्हल बॉलच्या, म्हणजे गावोगाव फिरून खेळणाऱ्या मुलांच्या संघांच्या, ग्राउंडवर भेटणारी प्रत्येक आई मला पहिलं तेच विचारते. हा ॲडव्हायझर म्हणजे प्रो क्लबशी सही करायची की कॉलेजला जायचं यावर मुलांना आणि आईवडिलांना सल्ला देणारा माणूस. आम्ही याला तासावर फी दिली, तासाला 200 डॉलर, 14 महिन्यांत 22 तास झाले, आणि प्रत्येक वेळची पावती घेऊन ठेवली. फुकट करतो म्हणणारेही दोघं भेटले होते, म्हणजे आत्ता काही देऊ नका, मुलाने क्लबशी सही केली की त्याला मिळणाऱ्या बोनसमधले 5 टक्के द्या. पण एकतर अशी फुकटची मदत घेतली तर उद्या कॉलेजकडून खेळायला मुलगा अपात्र ठरू शकतो, आणि दुसरं म्हणजे ज्याचं पोट मुलाच्या सहीवर आहे तो आम्हाला "सही करू नका" असं कधी सांगणार? माणसाचं नाव इथे लिहीत नाही, कारण एक तक्रारही लिहायची आहे आणि ती अशी चारचौघांत त्याच्या नावावर टाकणं मला बरं वाटत नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याचे, गेली वीस वर्षं डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो. मुलगा डावखुरा, उंच, पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. अकरावीत त्याचा बॉल ताशी 92 मैलांना लागला आणि त्या दिवसापासून बॅकस्टॉपच्या जाळीमागे वेग मोजायची रडार गन घेऊन बसणारी माणसं वाढली. एरिया स्काउट, म्हणजे क्लबसाठी आमच्या भागातले खेळाडू हेरणारे, घरी यायला लागले, चहा पिऊन जायला लागले, सगळे फार अदबीने बोलायचे, आणि प्रत्येकाच्या फॉर्ममध्ये शेवटी एकच प्रश्न फिरून फिरून यायचा: किती मिळाले तर सही करशील? कॉलेज ठरलेलं होतं, स्कॉलरशिप होती. आता यावर काय लिहायचं ते आम्हाला दोघांनाही कळेना. हे म्हणाले दहा लाख लिही, मी म्हटलं रिकामं सोड. दोन्ही चूक होतं हे नंतर समजलं.

हा माणूस आधी स्वतः स्काउट होता, म्हणून त्याच्याकडे गेलो. पहिल्या भेटीत त्याने मुलाचा एकही व्हिडिओ बघितला नाही, तीन तास फक्त ड्राफ्टचा हिशेब समजावला, आणि माझ्या मते सगळ्या फीची किंमत त्या एका बैठकीत वसूल झाली. तो हिशेब मी माझ्या भाषेत सांगते.

आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत असतो, तिथे दोन संघांना एकच खेळाडू हवा असला की भाव चढतो. इथे तसं अजिबात नाही. ड्राफ्टमध्ये क्लब आळीपाळीने एकेका मुलाचं नाव घेतात, त्या निवडीला पिक आणि एका फेरीला राउंड म्हणतात. ज्या क्लबने तुमचं नाव घेतलं त्याच क्लबशी बोलायचं, दुसरा कोणी बोली लावू शकत नाही. मग तुमच्या हातात काय राहतं, तर "नाही" म्हणणं, आणि ते "नाही" खरं वाटायला मागे चांगलं कॉलेज लागतं. हायस्कूलच्या मुलाकडे ते असतं. कॉलेजचं शेवटचं वर्ष संपलेल्याकडे ते नसतं, म्हणून 9व्या 10व्या राउंडला तशी मुलं दहा-वीस हजारांतही सही करतात.

आणि क्लब तसं का करतात, तर 2012 पासून पहिल्या 10 राउंडमधल्या प्रत्येक पिकला एक ठरलेली रक्कम असते, तिला स्लॉट म्हणतात, आणि क्लबच्या सगळ्या स्लॉटची बेरीज म्हणजे त्याचा पूल. एकाला स्लॉटपेक्षा कमी दिले तर उरलेले दुसऱ्याला देता येतात. पूलच्या वर 5 टक्क्यांपर्यंत गेलात तर जादाच्या रकमेवर 75 टक्के टॅक्स, त्याच्याही पुढे गेलात तर पुढचं पहिल्या राउंडचं पिकच जातं, म्हणून 5 टक्क्यांची रेघ कोणी ओलांडत नाही. ह्यूस्टनने त्याच वर्षी हे करून दाखवलं, कार्लोस कोरेयाला पहिल्या नंबरवर 48 लाख डॉलर दिले, स्लॉट होता 72 लाख, आणि वाचलेल्यातून लान्स मॅकलर्सला 25 लाख आणि रिओ रुइझला साडेअठरा लाख देऊन कॉलेजच्या वाटेवरून वळवलं.

मग त्याने आमच्या घराजवळचंच उदाहरण काढलं, कुमार रॉकर या पिचरचं. त्याची आई भारतीय वंशाची, त्यामुळे आमच्याकडे त्याचं नाव आधीपासून जिव्हाळ्याने घेतात. 2021 मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला 10व्या नंबरवर घेतलं, 60 लाखांवर बोलणं झालं, मग मेडिकलमध्ये हाताबद्दल शंका आली आणि क्लबने ऑफरच दिली नाही. ड्राफ्टच्या आधीचा एमआरआय त्याने दिलेला नव्हता, त्यामुळे क्लबवर काही बंधनही नव्हतं, उलट त्यांना पुढच्या वर्षी 11वं पिक भरपाईत मिळालं. पोराचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी आमच्या इथल्या टेक्सास रेंजर्सने त्याला थेट 3ऱ्या नंबरवर घेतलं तेव्हा सगळे चकित झाले, पण हिशेब बघा: स्लॉट 75 लाख 86 हजार 600, रॉकरने घेतले 52 लाख. सीगर आणि सेमियन हे नावाजलेले खेळाडू दुसऱ्या क्लबांकडून आणल्यामुळे नियमाप्रमाणे रेंजर्सची 2ऱ्या आणि 3ऱ्या राउंडची पिकं गेलेली होती, तर हे वाचलेले पैसे घेऊन ते 4थ्या राउंडपर्यंत थांबले आणि ब्रॉक पोर्टर नावाच्या हायस्कूलच्या पिचरला 37 लाख दिले. म्हणजे कुठल्या राउंडला नाव आलं याच्यावर पैसे ठरतातच असं नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं.

याचीच दुसरी बाजू त्याने सांगितली ती ऐकून मात्र मला रात्री झोप लागली नाही. 2014 मध्ये ह्यूस्टनने ब्रेडी एकनला पहिल्या नंबरवर घेतलं, 65 लाख ठरले, मग कोपराच्या एमआरआयवरून फिसकटलं. आता पहिल्या 10 राउंडमधल्या मुलाने सही केली नाही की त्याच्या स्लॉटचे पैसे पूलमधूनच उडतात. त्यामुळे 5व्या राउंडचा जेकब निक्स, ज्याचं 15 लाखांचं बोलणं झालं होतं, त्यालाही हात हलवत जावं लागलं. त्या पोराचा हात धडधाकट होता हो, दुसऱ्याच्या कोपरामुळे त्याचे पैसे गेले! पुढच्या वर्षी सान डिएगोने त्याला 3ऱ्या राउंडला घेतलं, पण त्या उन्हाळ्यात त्याच्या आईवडिलांचं काय झालं असेल हेच माझ्या डोक्यात राहिलं. ॲडव्हायझर म्हणाला, ठरलं म्हणजे मिळालं असं सही होईपर्यंत घरात बोलायचं नाही, आणि आम्ही खरंच ते पाळलं.

आता नंबर. याने आम्हाला नंबर सांगितला नाही, आणि तीच त्याची सगळ्यात मोठी गोष्ट. कागद दिला आणि म्हणाला तुम्ही काढा. मी अकाउंट्समध्ये काम करते, एक्सेल उघडून बसले. बोनस 6 लाख धरला तर त्यातून एजंटचे 5 टक्के, मग फेडरल टॅक्स, टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही तरी हातात 4 लाखांच्या आतच येतात. नवख्या प्रो खेळाडूंचा पगार 2023 च्या करारानंतर वाढलाय पण तरी त्या वर्षी सगळ्यात खालच्या कॉम्प्लेक्स लीगला वर्षाला 19,800 डॉलर, त्याच्या वरच्या लो-एला 26,200, आणखी वरच्या डबल-एला 30,250 होता. राहायची सोय क्लब करतो. दुसऱ्या बाजूला कॉलेज, आणि चार वर्षांच्या कॉलेजला गेलं की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा 21 चा होईपर्यंत परत ड्राफ्ट नाही. तेवढ्यात खांदा गेला तर? आणि प्रो खेळताना गेला तर? या दुसऱ्या "तर"साठी करारात कॉलेजचे पैसे लिहून घेता येतात, खेळणं संपल्यावर दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू करावं लागतं, हे आम्हाला याच्याकडूनच कळलं. सासूबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "अगं, त्याला विचारलंस का त्याला काय हवंय?" विचारलं नव्हतं, खरंच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "आई, 6 लाख मिळाले तर जाईन, कमी असेल तर मला कॉलेजमध्ये खेळायचंय," आणि माझ्या एक्सेलपेक्षा तो जास्त ठाम होता. मग सगळ्या स्काउटना तोच एक आकडा सांगितला. एकाला 6 आणि दुसऱ्याला 4 असं केलं तर ते बाहेर पोचतं, हेही याने बजावलं होतं.

2024 चा ड्राफ्ट फोर्ट वर्थला स्टॉकयार्ड्समध्ये झाला, आमच्यापासून तासाभरावर, पण रविवारी गेलो नाही, पहिल्या दोन राउंडमध्ये आमचं काही नव्हतं. सोमवारी 3 ते 10 राउंड. सहाव्या राउंडच्या आधी यांचा फोन वाजला, 2 लाख 75 हजार घेणार का? ॲडव्हायझरला लावला, त्याने पहिल्या रिंगला उचलला आणि फक्त विचारलं, "तुमचा आकडा बदललाय का?" नाही म्हटलं. "मग उत्तर तुमच्याकडेच आहे." संपलं. पुढे आणखी एक फोन, तेच.

मंगळवारी 11वा राउंड. इथे स्लॉट नसतो, दीड लाखापर्यंतचा बोनस पूलमध्ये धरतच नाहीत, त्याच्या वरचा तेवढा धरतात, त्यामुळे ज्या क्लबने सोमवारी पैसे वाचवलेत ते इथे अशी अडून बसलेली मुलं उचलतात. त्याने हे आधीच सांगितलं होतं, फोन येईल म्हणून, आणि आलाच: दीड लाख आणि पूलमधले 2 लाख 60, म्हणजे 4 लाख 10 हजार, लगेच सांगा. आणि नेमका तेव्हा ॲडव्हायझरचा फोन बिझी. चार वेळा लावला. पिकं मिनिटामिनिटाला पुढे सरकत होती, मुलगा सोफ्यावर हात घट्ट आवळून बसलेला, हे माझ्याकडे बघतायत, मी मुलाकडे. त्याने मान हलवली, नाही. यांनी फोनवर नाही सांगितलं. ॲडव्हायझरचा फोन 25 मिनिटांनी आला, दुसऱ्या मुलाचं चाललं होतं म्हणे. माझी तक्रार ही. वर्षभर ज्या चार मिनिटांसाठी पैसे दिले त्या चार मिनिटांत माणूस नव्हता. त्याने माफी मागितली आणि त्या दिवसाचे तास लावले नाहीत, पण एक स्टार तिथेच गेला.

20 राउंड संपले, नाव आलं नाही. संध्याकाळी एका क्लबने दीड लाखावर फ्री एजंट म्हणून, म्हणजे ड्राफ्टबाहेर, विचारलं, तेही नाही. घरात दोन दिवस कोणी फारसं बोललं नाही. मग बातम्यांत वाचलं, क्लीव्हलँडने ट्रॅव्हिस बझानाला पहिल्या नंबरवर 89 लाख 50 हजारांत घेतलं, स्लॉट 1 कोटी 5 लाख 70 हजार 600 चा, आणि आयोवातल्या जोई ओकी नावाच्या हायस्कूलच्या पिचरला 3ऱ्या राउंडला 20 लाख दिले. मुलानेच मला हिशेब समजावला, पैसे कुठून कुठे गेले ते. त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, ते ऐकून मला हायसं वाटलं. सप्टेंबरमध्ये रॉकर रेंजर्सकडून पहिल्यांदा खेळला ती मॅच मात्र त्याने हॉस्टेलमधून आमच्याशी फोन चालू ठेवून बघितली.

ज्यांचा मुलगा 16-17 चा आहे आणि स्काउटचे फॉर्म यायला लागलेत त्यांनी असा माणूस घ्यावा, पण तासावर पैसे घेणारा, आणि पहिल्या भेटीत त्याने आकडा सांगितला तर उठून यावं. ड्राफ्टच्या वर्षी त्याच्याकडे आणखी किती मुलं आहेत तेही आधी विचारून घ्या, आम्ही विचारलं नव्हतं. आमचा 2027 ला परत पात्र होईल. परत याच्याकडेच जाणार आहोत, फक्त या वेळी ड्राफ्टच्या शेवटच्या दिवशी त्याच्या ऑफिसमधला दुसरा कोणीतरी आमच्यासाठी फोन मोकळा ठेवून बसेल असं लिहून घेणार, त्याला तसं सांगितलंय आणि त्याने हो म्हटलंय.